सहा बटणं आणि बर्फाचे दोन तुकडे

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या जत्रेच्या प्रदर्शनात आजीच्या मखमली पोलक्यावर चिठ्ठी लागली : 'बटणं नकली. स्पर्धेतून बाद.'

"नकली?" नात डेलफीन ओरडली. "आमच्या नवाहो पणजोबांनी चांदीच्या डॉलरांची केलीत ही सहा बटणं! नव्वद टक्के चांदी!"

परीक्षक क्रॅन्डल यांनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "जुना डॉलर पावणेसत्तावीस ग्रॅमचा असतो. हे बटण सव्वाअठ्ठावीस भरलं. नाण्यावरचं सालही पुसलंय. पर्यटकांना विकतात तसलं निकेल आहे."

वजनासाठी त्यांनी एका बटणाचा दोरा कापला होता. आजीने पोलक्याची बाही सरळ केली. डेलफीनला ते बघवेना.

"दीड ग्रॅम वाढलं कुठून?" मावसभाऊ वॉरन पुटपुटला.

डेलफीनच्या छोट्या बहिणीने, आयव्हीने, सुटं बटण उलटं केलं. "ही कडी नाही का दिसत? दोरा कुठून ओवणार मग?"

"कडीसकट तोललं!" वॉरन हसत सुटला. "वा रे परीक्षक!"

क्रॅन्डल यांचे कान लाल झाले. "मग कडी कापून तोलू."

"खबरदार!" डेलफीन म्हणाली. "तो जोड पणजोबांच्या हातचा आहे. आयव्ही, सरबतवाल्याकडून बर्फ आण! वॉरन, शेजारच्या दुकानातून एक निकेलचं बटण!"

दोन मिनिटांत दोघं धापा टाकत परतली.

"साहेब, डोळे मिटा. एकेका हातात एकेक बटण कडेने चिमटीत धरा."

तिने दोन्हींवर बर्फाचा एकेक तुकडा ठेवला. एक, दोन, तीन...

"आई गं!" उजव्या हातातलं बटण टेबलावर खणखणलं. "बोटं गारठली!"

"ते आजीचं! चांदीतून गारठा धावत येतो, निकेलमधून रांगत!"

क्रॅन्डल यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला स्वतःचा चांदीचा डॉलर काढून त्यावर बर्फ ठेवला. तोही तितक्याच लवकर हातातून सुटला. मग त्यांनी चिठ्ठी काढली, टोपीही काढली. "माफ करा, बाई. आणि या मुलांना कुणी शिकवलं?"

"पणजोबांचे डोळे घेऊन जन्मलीत," आजी म्हणाली आणि तिथेच सुई-दोरा काढून बसली.

निकाल पाच वाजता होता. साडेचारला प्रदर्शनातली आजीची खुंटी रिकामी होती. पोलकं आजीच्या अंगावर होतं, सहाही बटणांसकट, आणि निकालाची वाट न बघता ती मुलांना घेऊन जत्रेतल्या नाचाच्या रिंगणाकडे निघाली होती.