आठचं इंजेक्शन

"पोलिसांना मीच बोलावलं," डॉक्टर म्हणाले. "म्हातारबुवा विमानातून उतरून लेकीकडे आले आणि तासाभरात बेशुद्ध. साखर पार तळाला गेलीये. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त पडलंय, आणि हे कळायलाच आमचा अर्धा तास गेला. शुद्धीवर येतील का, आत्ता सांगता येणार नाही."

इन्स्पेक्टरबाई खाटेजवळ गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते, म्हातारबुवांच्या मनगटावर बारा. बाईंनी वाकून कान लावला. घड्याळ मस्त टिकटिकत होतं.

व्हरांड्यात जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला. तो सीमेपलीकडच्या देशातल्या शहरात, विमानाने तासाभराच्या अंतरावर.

"इंजेक्शन दिलं होतंत?"

"हो, आठच्या ठोक्याला, विमानतळावर. आठ चाळीसचं विमान होतं. बाबांच्या लक्षात काही राहत नाही, म्हणून ताईसाठी चिठ्ठी घातली खिशात, आठचं दिलंय म्हणून. बाबा कसे आहेत हो?"

बाई आत आल्या. लेक खाटेपाशी हात चोळत बसली होती.

"तुम्ही इंजेक्शन दिलंत?"

"दिलं ना. आठला, विमानतळावरच. नेहमीचंच माप."

"भावाने काही कळवलं होतं?"

"तो कशाला कळवतोय! सहा वर्षं बोलणं बंद आहे आमचं. बाबांना माझ्याकडे पाठवायचंच नव्हतं त्याला. खोटारडा मेला! आठ वाजायच्या आधीच म्हणे आठचं दिलं! त्याच्यावरच गुन्हा नोंदवा."

"चिठ्ठी वगैरे?"

"छे! चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती."

म्हणजे आठ वाजता म्हातारबुवा दोन शहरांतल्या दोन विमानतळांवर! एकजण थापा मारतोय, असं कुणीही म्हटलं असतं. बाईंनी खुर्ची ओढली.

"तुम्हा दोघांचेही आठ खरे आहेत. इथलं घड्याळ भावाच्या देशातल्या घड्याळापेक्षा दोन तास मागे. तिथून आठ चाळीसला निघालेलं विमान तासभर उडून इथे सात चाळीसला उतरतं. बाबांनी आपलं घड्याळ बदललंच नाही. बघा, बारा वाजलेत त्यात. त्यांच्यासाठी आज आठ दोनदा वाजले."

"मग चूकच झाली ना," लेक पुटपुटली.

"इथवर चूक. पण भाऊ 'आठचं दिलं' म्हणतो, हे तुम्हाला कसं कळलं? फोन मी बाहेरून केला, तुम्हाला काही बोलले नाही. तो तुमच्याशी बोलत नाही. मग राहिली चिठ्ठी."

लेकीने पर्समधून चुरगळलेला कागद काढला आणि तिला रडूच फुटलं.

"वाचली होती. तेव्हा आठला पाच कमी होते. म्हटलं, बघा, स्वतः टाळलं आणि वर थापा! रागात डोकंच चाललं नाही. बाबा कोसळले तेव्हा त्यांचं घड्याळ दिसलं आणि लख्ख कळलं."

"तरी डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"जीभच उचलेना. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. लाज वाटते हो मला."

बाईंनी डॉक्टरांना हाक मारली, सगळं सांगितलं. मग भावाचा नंबर लावून आपला फोन लेकीपुढे धरला. "भावाला तुम्ही सांगा."

पलीकडून लगेच आवाज आला. "बाई, एक विचारू? माझ्याच हातून तर जास्त गेलं नाही ना? गडबडीत चष्मा घरी राहिला होता. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. ताईला सांगू नका, ती कोसळेल."

"मीच बोलतेय रे," लेक म्हणाली. "तू नाही केलंस. मी केलंय."