वळणावर अडणारी गाडी

हॉस्पिटलच्या मागच्या आवारात गाडी वळवताना ती पुन्हा अडली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकं हिसके द्यायची, जणू कुणी खालून धरून ठेवलंय. मी जोर दिला. पिकअपनं एक उडी मारली आणि बंद पडली.

"फोर-व्हील लागलंय का?"

भिंतीपाशी एक जण उभा होता. हातात औषधांची पिशवी, नखांत काळं ग्रीस.

"नाही," मी म्हणाले.

"मग उड्या का मारतेय?"

"हौस आहे तिला."

तो हसला... आधी डोळ्यांत, मग ओठांवर. "थोडी मागे घ्या. सरळच. हं... अजून."

खालून कट्‌ असा आवाज आला आणि गाडी एकदम हलकी झाली.

"वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मागच्यांना कमी," तो म्हणाला. "फोर-व्हील लागून दोन्ही एकमेकांना बांधलेली राहिली, की कोरड्या रस्त्यावर ही अशी ओढाताण होते. माझं गॅरेज खालच्या रस्त्याला आहे. आणा, बघतो."

बोलत बोलत तो गाडीच्या मागे गेला आणि तिथली अक्षरं वाचून थांबला. शववाहिनी. त्याचं हसू पुसलं गेलं. तो तसाच निघून गेला.

मला सवय होती. बाबा गेल्यावर ही गाडी मी हातात घेतली, तेव्हापासून लोक अशीच पाठ फिरवायचे. लग्नाची स्थळं दारापर्यंत येऊन परतली होती. दोन मेकॅनिकांनी तर बॉनेट उघडायलाही नकार दिला होता. पण हा... याचं जरा जास्तच लागलं मनाला. का, ते तेव्हा कळलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. दुसरीकडे नेणार कुठे?

तो बाहेर आला. लांबूनच विचारलं, "रिकामी आहे ना?"

"तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते."

इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी मागचं दार उघडून दाखवलं. धुतलेलं, रिकामं. त्यानं मान हलवली आणि बाह्या वर सारल्या.

त्यानं मला आवारातल्या सिमेंटवर गोल गोल गाडी चालवायला लावली, हळू, स्टिअरिंग पूर्ण वळवून. स्वतः वाकून चाकं बघत राहिला. मग सुतळीनं चारही टायरांचा घेर मोजला.

"टायर लहानमोठे असले तरी असंच होतं. पण तुमचे सारखे आहेत, ड्रायव्हरबाई."

"मग दोष माझा?"

"तुमच्यात अजून तरी काही सापडला नाही..." तो म्हणाला आणि स्वतःच गडबडून जॅक आणायला गेला.

पुढचं एक चाक उचलून त्यानं गिअरशेजारचा छोटा दांडा टू-व्हीलवर, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर ठेवला. चाक हातानं सहज फिरायला हवं होतं. आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. हललं नाही.

"दांडा सरकतो, डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, पण आत फोर-व्हील सुटतच नाही. गिअरची पेटी खोलावी लागेल. पार्ट मागवतो. तोवर घाटात नेऊ नका. वळणावर अडली तर सरळ दरीत..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाळंतपणात एक बाई गेली होती. वरच्या वस्तीतली. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि नवरा गाडीची वाट बघत होता.

"दुसरी गाडी नाही का?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं जॅककडे बघितलं. मग म्हणाला, "पुढची चाकं फिरवणारा शाफ्ट काढून ठेवतो. मग नुसती मागची चाकं ओढतील, वळणं निघतील. पण वस्तीच्या आधी चिखल आहे. तिथं चारही चाकं लागतील. शाफ्ट परत बसवावा लागेल."

"मला नाही येत बसवता."

"माहितीय," तो म्हणाला आणि पान्यांची पिशवी उचलून माझ्या शेजारी बसला.

शाफ्ट काढून, हॉस्पिटलमधून तिला घेऊन आम्ही घाटाला लागलो. मागे तो नवरा बायकोपाशी बसला होता. मधूनच तिच्याशी काहीतरी हळू बोलल्याचा आवाज यायचा. त्या प्रत्येक वेळी मेकॅनिकचा हात सीटची कड घट्ट धरायचा.

चिखल सुरू झाला तिथं मी गाडी थांबवली. तो खाली उतरला, गाडीखाली शिरला. बोल्ट त्याच्या हातातून दोनदा पडला. मग मीही चिखलात आडवी झाले, शेजारी. आमच्या डोक्यावर एका पत्र्यापलीकडे ती बाई होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"माझ्या दादाला याच गाडीतून आणलं होतं." तो वर बघत होता. "ती अक्षरं वाचली आणि... तुमचे बाबा होते ना चालवायला? दादाला उतरवल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं नाही. उतारावरून तशीच गाडी सोडली. आईला आवाज नको म्हणून."

"मलाही तसंच शिकवलंय त्यांनी."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या गालावर चिखल होता. मी तो पुसला... म्हणजे पुसायला गेले, पण माझाच हात त्याहून मळलेला. तो किंचित हसला. मग मी शाफ्ट वर धरला आणि त्यानं एकेक बोल्ट आवळला. या वेळी एकही पडला नाही.

चारही चाकांनी मिळून गाडी चिखलातून वर चढली. वस्तीत बायका रडत पुढे आल्या. त्याला भीती वाटत होती, तरी नवऱ्याबरोबर तिला उतरवायला तो पुढे झाला. परतताना वस्तीच्या उतारावर मी इंजिन बंदच ठेवलं. गाडी आपसूक सरकत राहिली आणि त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. चिखल ओलांडल्यावर त्यानं शाफ्ट पुन्हा काढला आणि आम्ही घाट उतरलो.

पार्ट आला, पेटी दुरुस्त झाली. गाडी आता मऊ वळायची. गॅरेजला जायला काही निमित्तच उरलं नाही. तोही आला नाही, त्याचा फोनही नाही. मी मनाची समजूत घालून टाकली होती.

आणि एका दुपारी हॉस्पिटलच्या फाटकापाशी तो उभा दिसला. मी काच खाली केली.

"गाडी नीट चालतेय," मी म्हणाले.

"तपासायला नाही आलो." तो चपलेनं खडा इकडून तिकडे करत होता. "आईला सांगितलं तुझ्याबद्दल. तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. ही गाडी, ते दार... दादाचं सगळं परत वर आलं."

'तू' म्हणाला होता. पहिल्यांदाच.

"मग?"

"आज सकाळी म्हणाली, घेऊन ये तिला. पण गाडी दारात नको."

"चालत येईन."

"चढ आहे बराच."

"येईन म्हटलं ना."

त्यानं मागच्या दाराकडे नजर टाकून हलक्या आवाजात विचारलं, "आत कोण आहे?"

"एक आजोबा. एकटेच होते. बरोबर यायला कुणी नाही."

त्याचा चेहरा फिका पडला. पण तो वळसा घालून आला, शेजारी बसला आणि आवाज होऊ नये अशा बेतानं दार ओढून घेतलं.

"चल," तो म्हणाला. "पोचवून येऊ त्यांना."