हेस्टरच्या गोधडीवरची पट्टी

मंगळवारी सकाळी डेल्फियानं गोधडीच्या कोपऱ्यावर नावाची पट्टी तिसऱ्यांदा शिवली. वीतभर मांजरपाट, त्यावर शाईनं सुबक अक्षर: 'केली डेल्फियानं. रॉक्सीसाठी.' पट्टी नसेल तर शनिवारच्या जत्रेत गोधडी मांडूच देत नाहीत. केंटकीच्या त्या डोंगरात बिननावाची गोधडी म्हणजे बेवारसच.

आता खरं सांगायचं, तर गोधडी तिची नव्हतीच. ती केली तिच्या आईनं, हेस्टरनं, आणि तीही सुनेसाठी, ऑर्नेटासाठी. चार वर्षं म्हातारीचं सगळं अंथरुणात केलं ते ऑर्नेटानं. आई गेल्यावर डेल्फियानं फक्त कडेची गोट शिवली आणि खुशाल आपलं नाव टाकलं! लेक्सिंग्टनला नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या लेकीला, रॉक्सीला, ती लग्नात द्यायची होती.

आणि पट्टी दोनदा उसवली गेली होती. कापडाला ओरखडाही नव्हता.

"ऑर्नेटाच! दुसरं कोण करणार?" म्हणत ती तडक भावजयीच्या दारात गेली. ऑर्नेटा ओसरीवर घेवड्याच्या शिरा काढत बसली होती.

"पट्ट्या कुठायत?"

"वन्सं, मला हवी असती तर अख्खी गोधडी उचलली असती. पट्टीचं काय लोणचं घालू?"

"साळसूदपणा पुरे झाला."

"मग गोधडी पेटीत घालून कुलूप लावा. किल्ली गळ्यात बांधा." ऑर्नेटानं आणखी एक शेंग उचलली. "पण सासूबाईंना उसवलेला दोरा टाकवत नसे, आठवतं ना? रिळावर गुंडाळून ठेवायच्या..."

डेल्फियानं ते कानाआड केलं. घरी येऊन तिनं गोधडी देवदाराच्या पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली.

बुधवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत पट्टी नव्हती. गोधडीच्या घडीवर एक जुनं लाकडी रीळ होतं, पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं. ते तिनं लगेच ओळखलं. मार्चमध्ये शवपेटीत आईच्या हाताशी तिनंच ते ठेवलं होतं.

तिनं झाकण धाडकन लावलं. पण हाव मोठी चिवट असते बघा. तिनं नवी पट्टी लिहिली: 'केली हेस्टरनं. रॉक्सीसाठी.'

"घे गं बाई तुझं नाव," ती पुटपुटली. "आता तरी गप बस..."

गुरुवारी पट्टी जागेवर होती! डेल्फियाला हायसं वाटलं. मग तिनं नीट पाहिलं. टाके उलट्या बाजूला कलले होते. तिचे नव्हतेच ते. आई डावखुरी होती. आणि पट्टीवर ऑर्नेटाच्या जागी अजून रॉक्सीचंच नाव होतं.

तेवढ्यात फोन वाजला. रॉक्सी होती.

"आई, गेल्या खेपेला तू माझ्या कोटाच्या कॉलरवरचं नाव उसवलंस का गं?"

"न... नाही. का?"

"दोराच नाहीये. आणि आता उशीच्या अभ्र्यावरचंही चाललंय... आई, माझ्या डोळ्यांदेखत निघतंय गं!"

दोन्हीकडे रॉक्सीचं नाव डेल्फियानंच भरलं होतं, निळ्या दोऱ्यानं. तिनं पेटीचं झाकण उघडलं. रिळावर पांढऱ्यावर निळा दोरा चढला होता, आणि रीळ सावकाश फिरत होतं.