रोटाच्या एकसष्ट मुठी

कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी जळगावहून सकाळच्या एसटीने गावी गेलो. धरणगावच्या पुढे आमचं गाव. श्रावणातलं दमट ऊन होतं, कपाशी गुडघाभर आली होती आणि लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा खांद्याला काचत होता. लॅपटॉप सुट्टीच्या दिवशी न्यायचं कारण नव्हतं, पण कंपनीने सोमवारची मुदत दिली होती. मुदत देणाऱ्यांना सण नसतात.

काम असं होतं. कंपनीसाठी मी एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ती चालवणारा इंटरप्रिटर बनवत होतो. इंटरप्रिटर बिल्ड करताना एका फाइलीत दोन मर्यादा लिहाव्या लागतात. पहिली स्टॅकची. एखादं काम अर्धवट ठेवून प्रोग्रॅम आत दुसऱ्या कामाला शिरला, की आधीच्या कामाची चिठ्ठी स्टॅकवर ठेवतो. चिठ्ठीवर चिठ्ठी चढत जाते, तेव्हा किती चढू द्यायच्या ते ठरवायचं. दुसरी मर्यादा रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरात ठरावीक घाटणीची अक्षरं शोधताना किती वेळा धडपडायचं त्याची. दोन्ही ठिकाणी मी हजार टाकले होते. हजार भरपूर होतात.

घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चहासुद्धा होऊ दिला नाही. रोटाचे गहू मोजायचे होते. आमच्या भाऊबंदकीत प्रत्येक जिवंत पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, एकत्र दळतात आणि त्याचेच कानबाईच्या नैवेद्याचे रोट होतात. नावांची वही आबांकडे असते. गेल्या वर्षी दोन नावं चुकली आणि भांडण झालं, म्हणून यंदा मी ती वही लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. बापाच्या नावाखाली मुलं, मुलांच्या खाली त्यांची मुलं. गेलेल्यांपुढे फुली. फुलीवाले मोजायचे नाहीत, फक्त त्यांच्यातून खाली उतरायचं. हाच आपल्या इंटरप्रिटरचा पहिला खरा प्रोग्रॅम, असं मी ठरवलं होतं.

ओट्यावर बसून चालवला. उत्तर आलं बासष्ट. वहीतही बासष्टच. मी खूश झालो.

"एक कमी कर," आबा म्हणाले. "स्वप्नीलनं नाव काढी टाक. तीन वरीस व्हयनात, फोन नही का चिठ्ठी नही. मूठ जित्ता माणूसनीच ऱ्हास."

स्वप्नील माझा चुलतभाऊ. सुरतला कामाला गेला आणि तिथून कुठे गेला कुणाला कळलं नाही. त्याचे वडील रुपचंदकाका आधीच वारले होते. रत्नाकाकू पलीकडे माझ्या आईजवळ सुपात गहू निवडत होती. स्वप्नीलची मूठ गेली की तिच्या घराचा रोटाशी संबंधच संपत होता. ती उठलीसुद्धा नाही.

"भाऊ, मना पोऱ्या मरेल नही शे," एवढंच म्हणाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोलिसांना सापडला नाही, प्रेत मिळालं नाही, आणि हे ओट्यावर बसून त्याला मारून मोकळे!

"आबा, हाई बरोबर नही शे."

"तुले सांगं तेवढं कर."

आणि मी केलं. याचा राग मला आबांवरच्या रागाहून जास्त येतो. एवढा शिकलेला, तावातावाने बोलणारा मी, एक ओळ निवडली आणि पुसून टाकली. काकू माझ्या बोटांकडे बघत होती.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एकसष्ट यायला हवे होते. आलं ते एवढंच: स्टॅक संपला.

आमच्या अख्ख्या वहीत सहा पिढ्या आहेत. सहा पायऱ्या उतरायला हजार चिठ्ठ्या कशा लागतील? कुठून कुठे उतरला त्याची यादी काढली. वरून रुपचंदपर्यंत सगळं ठीक. रुपचंदच्या खाली एक कोरं नाव. त्या कोऱ्याचा मुलगा कोरा. त्याचाही कोरा. शेवटपर्यंत तेच. फाइल डोळ्यांत तेल घालून तपासली. रिकामी ओळ नव्हती, मोकळी जागा नव्हती. रेग्युलर एक्स्प्रेशनने नाव शोधायला लावलं, तर तेही रुपचंदपाशी अडकलं आणि मर्यादा ओलांडली म्हणून ओरडलं. पुसलेली ओळ परत टाकली की मुकाट बासष्ट. काढली की पुन्हा खोल.

हजाराचे लाख केले. इंटरप्रिटर नव्याने बिल्ड केला. लाख कोरी नावं. दहा लाख केले. दहा लाख.

पुण्याला मयुरीला फोन लावला. ती माझ्याबरोबर याच कामावर आहे. तिने सगळं ऐकलं.

"हितेंद्र, मर्यादा वाढवू नकोस," ती म्हणाली. "ती थांबायला ठेवलेली असते. काय पुसलंस ते बघ."

"काय पुसलं ते मला माहीत आहे," मी तिच्यावर डाफरलो आणि फोन ठेवला. मीच लिहिलेली भाषा, मीच टाकलेले आकडे, आणि सहा पिढ्यांच्या वहीने मला खिजवावं? दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. मग बिल्ड केला, चालवला.

मेमरी संपून लॅपटॉप बंद पडायला हवा होता. पंखा जोरात फिरायला लागला. गहू पाखडण्याचा आवाज थांबला होता. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग पंखा शांत झाला आणि पडद्यावर आकडा आला.

"किती उनात?" आबांनी विचारलं.

"एकसष्ट."

"मी काय सांगं व्हतं? वाच नावं."

मी वाचत गेलो. एकेका नावाला आई सव्वा मूठ गहू धुतलेल्या फडक्यावर टाकत होती. झिपरू. अमृत. एका लयीत चाललं होतं, आणि त्या लयीतच मी वाचून गेलो, "स्वप्नील रुपचंद."

आईने मूठ टाकली.

मी थांबलो. मी फाइल उघडून स्वप्नील शोधलं. एकही सापडला नाही. यादीत मात्र होता, कोऱ्या नावांच्या तळातून वर आल्यासारखा, एकविसावा.

"पुढे वाच ना," आबा म्हणाले.

वाचलं. यादी संपली. एकसष्ट मुठी झाल्या. आई फडक्याची टोकं गोळा करू लागली.

"आबा, मनं नाव ऱ्हायनं."

"ऊनं ना तुनं नाव. आत्तेच वाचं तू."

"हितेंद्र जीवराम कुठे शे?"

आबांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरातलं पान माझ्यापुढे धरलं. जीवराम तोताराम, म्हणजे आबा स्वतः. त्याच्या खाली काही नव्हतं. खाडाखोड नव्हती, शाई पसरली नव्हती, जागा सोडलेली नव्हती.

फोन काढला. मयुरीचा नंबर सापडेना.

"माय," मी ओरडलो, "मी हितेंद्र शे!"

आईने माझ्याकडे पाहिलं. चांगल्या नजरेने पाहिलं, परक्याच्या मुलाकडे बघतात तसं. मग ती गोंधळून काकूकडे बघू लागली.

काकू उठली. तिने माझं मनगट धरलं. पकड सुटण्यातली नव्हती. माझ्या डोळ्यांना डोळा देत नव्हती. तिला सगळं माहीत होतं, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

"चाल बेटा," ती म्हणाली. "आपलं घर तिकडे शे."

मी जागचा हललो नाही. आईने फडक्याला गाठ मारली आणि पदराला हात पुसले.

"रत्ना, नशीबवान शे तू," ती म्हणाली. "माले बी एखादा पोऱ्या ऱ्हाता तं..."