आधी उतरणारा

बेटावरचं जंगल पेटलं होतं आणि वस्तीतली माणसं जीव मुठीत धरून किनाऱ्यावर आली होती. त्यांना आणायला सैन्याच्या एका पलटणीचं जहाज तातडीने निघालं. त्याच्या पोटात पाण्यात तरंगणाऱ्या आणि जमिनीवरही धावणाऱ्या अवजड गाड्या! पण वाळू गाडीचं वजन पेलेल का, हे बघायला एकाने आधी पोहत जायचं असतं. ते काम बगळ्याचं. काडीसारखे पाय, म्हणून पलटणीने ठेवलेलं नाव. नियमही त्याच्याच नशिबी: आधी उतरणारा शेवटी चढणार.

उजाडताना तो किनाऱ्याला लागला. माणसं आनंदाने ओरडली. त्याने कमरेची सळई वाळूत खुपसली. मुठीपर्यंत आत! थोडं सरकून पुन्हा खुपसली. तेच! वरवर वाळू, खाली नुसता चिखल. समोरून पहिली गाडी लाटा कापत येत होती. चालवत होता जाड्या, त्याचा जिवाभावाचा दोस्त. आणि बगळ्याच्या वायरलेसमध्ये पाणी शिरलेलं!

त्याने लाल झेंडा काढला. जिवाच्या आकांताने हलवला. गाडी थबकली. वळली! त्याने डोंगरापलीकडच्या खडकाळ किनाऱ्याकडे पुन्हा पुन्हा हात केला, पण तोवर धुराने समुद्र गिळला होता.

“मेल्या, आलेली गाडी परत पाठवलीस?” एक म्हातारी कडाडली.

“आजी, इथे ती रुतली असती. पलीकडे येतील ते.”

“तुला सांगून गेलेत का?”

सांगून कोण जाणार! खूण दिसली की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. भर समुद्रातही त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तो पुढे चालू लागला. धुरातून, खोकत, ठेचकाळत. माणसं नाइलाजाने मागे आली, पण अंतर ठेवून. पलीकडचा किनारा रिकामा होता. कोणी त्याच्याकडे बघेना. तो एकटाच एका खडकावर बसून राहिला.

आणि घरघर ऐकू आली!

“बगळ्या, लेका, हात कसले करतोस! मला वाटलं, माश्या हाकलतोयस!” जाड्या गाडीतून ओरडला. बगळ्याला हसता हसता रडूच आलं.

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. आग पार खडकांपर्यंत उतरली. शेवटच्या फेरीला म्हातारी अडून बसली.

“आधी तू चढ.”

“आजी, मी शेवटी. नियम आहे.”

“तुमच्या पलटणीचा ना? मी कुठे आहे पलटणीत? चढ मुकाट्याने!”

ठिणग्या उडत होत्या. वाद घालायला वेळच नव्हता. बगळा चढला, वळला आणि हात पुढे केला. म्हातारीने तो घट्ट धरला, तो थेट जहाजावर पोचल्यावरच सोडला.