दस्तीखालचा आकडा

लॅबमध्ये रक्त घ्यायची सुई टोचायच्या आधीच मी डोळे गच्च मिटले होते.

"मॅडम, अजून टोचलीच न्हाई," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "तुमी आताच रडायल्यात."

"मी रडत नाहीये!"

"मग डोळ्यातून काय सोयाबीन गळायलंय?"

मी एक डोळा उघडला. दंडावर कापूस दाबून बसलेला, गळ्यात मोठ्या रुमालासारखी निळी दस्ती गुंडाळलेला एक तरुण हसत होता. उपाशी पोटी मला कुणी हसलेलं अजिबात चालत नाही. पण त्या नादात सुई टोचून झालीसुद्धा... आणि मला कळलंही नाही.

त्याचं नाव रेवणसिद्ध. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याच्या वडिलांचं आडतीचं दुकान. शेतकरी माल घेऊन आला की त्याच्यासोबत चहा घ्यावाच लागतो, नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. असे दिवसभर गोड चहा पिऊन आणि त्यासोबत भजी खाऊन साहेबांच्या रक्तातली चरबी वाढली होती. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं.

संध्याकाळी माझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, सहा पॉइंट तीन.

"मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे," डॉक्टर हसत म्हणाले. "गोळी नको. रोज चाला, खाणं बदला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

आईलाही कुणीतरी असंच हसत सांगितलं असणार. तिनं ते मनावर घेतलं नाही. मग एकदा बाभळीचा काटा रुतला, जखम चिघळली... आज आईच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. माझे वडील, नाना, रोज तिचा तळवा हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात नवी जखम शोधतात. ती तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसते. मी सव्वीस वर्षांची. त्या संध्याकाळी मी ठरवून टाकलं, आपला पाय असा कुणाच्या हातात द्यायचा नाही. म्हणजे लग्नच करायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत शिकवून झालं की मी पाथरी रस्त्याला चालायला लागले. भाताच्या जागी ज्वारीची भाकरी आली, चहातली साखर गेली, सोमवारच्या उपासाचा साबुदाणा गेला. "उपासाला साबुदाणा न्हाई म्हंजे काय!" म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. शेजारच्या गीताबाई रोज फाटकात उभ्या. "कुठं निघाल्या बाईसाहेब, सांजच्याला?"

आणि कापसाच्या जिनिंग मिलच्या वळणावर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला... निळी दस्ती!

"तुम्ही इकडे कसे?"

"चरबी उतरवायलोय. तुमी?"

"मी... सहज."

"सहज चालणारं माणूस एवढं पळत न्हाई, मॅडम."

तो पलीकडून चालायचा, मी अलीकडून. गाव लहान, डोळे फार. मधून कापसाच्या गाड्या जायच्या आणि आमचं बोलणं अर्धं तुटायचं. गाडी गेली की तो तिथूनच पुढे सुरू करायचा. मोंढ्यात आता चहा एकात दोन मागवतो, बिनसाखरेचा; म्हातारे शेतकरी नाक मुरडतात, पण पितात. एकदा त्यानं बैलबाजाराची रीत सांगितली. दस्तीखाली हात घालायचा, बोटं धरून भाव सांगायचा, बाकी कुणाला पत्ता नाही. समोरच्यानं हात काढून घेतला की सौदा मोडला.

"आणि नाही काढला तर?"

"तर..." गाडी आली. ती गेल्यावर तो नुसताच हसला.

संध्याकाळ व्हायची मी वाट पाहायला लागले होते. आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मग एका संध्याकाळी चप्पल फोडून काटा तळव्यात घुसला. बाभळीचाच. माझ्या तोंडून असा आवाज निघाला, की रेवणसिद्ध पहिल्यांदाच रस्ता ओलांडून धावत आला.

"दुखायलंय का?"

"हात लावू नका! आईचं असंच झालं होतं..." आणि मी सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट, तीन बोटं, बॅटरी, सगळं. रडत, हुंदके देत.

तो गुडघ्यावर बसला. काटा अलगद उपसला, बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतला आणि मोबाईलच्या उजेडात तळवा नीट पाहिला. मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं. पण तिथे भिंत नव्हती, त्याचा चेहरा होता.

"घरच्यांना तुमच्याकडं पाठवू का?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"आकडा नॉर्मल आला तर," मी म्हणाले. "नाहीतर नाही."

पायाची जखम भरली, तरी रोज सकाळी मी आधी तोच तळवा पाहायची.

तीन महिने झाले. लॅबबाहेरच्या बाकावर तो माझा रिपोर्ट घेऊन आला. मला लखोटा उघडवेना.

"तुम्हीच बघा. पण मोठ्यानं सांगू नका."

त्यानं वाचलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, शेवटी आडतवालाच तो. गळ्यातली दस्ती सोडून त्यानं आमच्या हातांवर टाकली आणि माझी पाचही बोटं एकदम धरली.

पाच. आता आणखी एक बोट धरलं की सहा... तो थांबला होता.

"सांगा ना लवकर!"

पुन्हा पाच बोटं. मग चार.

"पाच पॉइंट... नऊ?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. साखर उतरली होती. पण नॉर्मलला अजून थोडं बाकी होतं. दारातला पाहुणा पायरी उतरला होता, गेला नव्हता.

"नॉर्मल नाही आला," मी म्हणाले.

"मी आकड्याला मागणी घातली न्हाई, शिवानी." मॅडम नाही. शिवानी!

"पुन्हा काटा रुतला तर?"

"बघू की पाय. रोज बघू. माझी चरबी तुमी बघा." त्यानं बोटं सोडली, दस्ती मात्र तशीच राहू दिली. "काढून घ्या हात. मी धरून ठेवणार न्हाई."

माझा हात मोकळा होता. पहिल्या दिवशी सुईसमोर घाबरले होते, त्याहून जास्त मी आत्ता घाबरले होते. नाना आठवले, आईचं ते तोंड फिरवणं आठवलं. आणि पहिल्यांदाच हेही आठवलं, की नानांनी इतक्या वर्षांत एकदाही बॅटरी खाली ठेवली नव्हती.

दस्तीखाली मी त्याची पाचही बोटं घट्ट धरली.

"पक्का?" त्यानं विचारलं.

"पक्का. पण उद्यापासून रस्त्याच्या एकाच कडेनं चालायचं."