ठिपक्यांवरची मावशी

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, प्रकाशनसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, एक म्हातारी गायब असल्याचं उघडकीला आलं.

म्हातारी एका जुन्या रहस्यकादंबरीतली. खून होतो त्या इमारतीत राहणारी, उठता-बसता सगळ्यांशी भांडणारी मावशी. नव्या आवृत्तीची प्रुफं तपासणारीला ती लहानपणापासून पाठ. ‘माझ्या पुसलेल्या जिन्यावर ओले बूट कोणी आणले’ म्हणून एकेचाळिसाव्या पानावर मावशी इमारत डोक्यावर घेते. इथे ते पान शांत होतं. पुढची पानंही शांत. तपासणारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुनी प्रत घेऊन ती तरातरा जिना उतरली. नवा संपादक चहाचा कप सांभाळत वर येत होता. वळणावर टक्कर झाली. चहापासून प्रत वाचली, त्याचा शर्ट नाही. त्याला इथे येऊन तीन आठवडे झाले होते. दोघं बोलत होते ते आज पहिल्यांदाच.

“मावशीला कोणी काढलं?”

“मी,” तो शर्ट झटकत म्हणाला. “पुस्तक सोळा पानांनी बारीक करायचं होतं. कोणाला तरी जावं लागणारच.”

“आणि तुम्हाला तीच सापडली?”

“सतत भांडते हो ती. दूधवाल्याशी, मांजराशी, वाऱ्याशी. कोणाला आवडणार?”

ऑफिसात पाठीमागे तिलाही ‘मावशी’च म्हणत. वय सव्वीस; गुन्हा एवढाच की चुका दाखवते. त्याला हे ठाऊक नसावं... ठाऊक असलं तर आणखी वाईट.

“शेवटचं प्रकरण वाचलंत?”

“म्हणजे काय.”

“खुनी कसा सापडतो?”

“ओल्या बुटांवरून. त्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणजे तो मागच्या विहिरीकडून—” तो थांबला. “पण ओले बूट पाहिले कोणी?”

“कोणीच नाही. साक्षीदार तुम्ही कापलात.”

चार वाजता तळमजल्यावर छपाई सुरू होणार होती. प्रुफांवर सही तिची. उद्या वाचक हसले असते ते तिलाच.

दोघं तिच्या टेबलाशी बसले. त्याने लाल पेन्सिलीने कापलेल्या एकेका ओळीखाली ती ठिपके देत गेली.

“हे काय?”

“ठिपके दिले की खालच्यांना कळतं. कापणारा चुकला, ओळ होती तशी ठेवा.”

“यासाठी वेगळी खूण आहे?”

“रोज लागते.”

तो हसला. तिने हसू दाबलं. राग इतक्या स्वस्तात सोडायचा नव्हता.

“मला वाटलं, लोक तिला टाळून पुढे वाचत असतील.”

“टाळतातच. म्हणून ती जिन्यावर एकटी असते. म्हणून तिला दिसतं.”

तिने पुढच्या ओळीखाली ठिपके दिले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला इथे काय म्हणतात, ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून या मजल्यावर यायला निमित्त शोधतोय. आज... कप घेऊन निघालो होतो.”

तिची पेन्सिल थांबली. “तो चहा माझा होता?”

“होता. आता शर्टाचा आहे.”

साडेतीनला तो शेवटची प्रुफं सहीसाठी घेऊन आला. मावशीला अकरा पानं लागली होती. छापताना पानं सोळा-सोळानेच वाढतात, म्हणून सोळातली पाच कोरी. गठ्ठा ठेवून तो तिच्याकडे न बघताच खाली गेला. तिने सह्या केल्या, पानं छापखान्यात पाठवली. कोरी पाच तेवढी टेबलावर राहिली.

शेवटच्यावर बारीक अक्षरात काहीतरी होतं: ‘उद्या संध्याकाळी पाच, पुलापाशी. चहा नव्याने पाजतो, याल का?’ आणि त्यावर लाल रेघ, त्याचीच.

तिचं डोकं पुन्हा फिरलं. या माणसाला कापायची खोडच आहे. तेही कोणाला न विचारता.

तिने पेन्सिलीला टोक केलं आणि रेघेखाली ठिपके दिले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता.

त्याच्या खोलीला कुलूप होतं; तो खाली छापखान्यात होता. तिने पान दाराखालून आत सरकवलं. ते त्याच्या हाती पडलं की नाही, हे संध्याकाळी सहापर्यंत समजलेलं नाही. खालचं यंत्र अजून चालू आहे, आणि यंत्र थांबेपर्यंत संपादक घरी जात नाही.